खाडी नसलेला किनारा

एस्परन्स, पश्चिम ऑस्ट्रेलिया
ऑगस्टअखेर

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू एकामागून एक विचारत सुटलीस आणि नेमकी रेंज गेली. ॲडलेडहून इथवर एकटीने गाडी हाकत गेलीस, भीती नाही का वाटली, कंटाळा नाही का आला, खाल्लंस काय, आंघोळीचं काय केलंस. आज एस्परन्सला कॅम्पिंगच्या जागेत गाडी लावून बसलेय, शेजारी नळ आहे, मनात येईल तेव्हा सोडता येतो. म्हणून निवांत लिहिते.

खाण्याचं आधी. बहुतेक दिवशी कुळथाचं पिठलं आणि भात. गाडी तशी लहानच. मागे पलंग, गॅसची शेगडी, हातभर ओटा, छोटा फ्रिज आणि पाण्याची टाकी. छत वर उचललं की उभं राहता येतं. ॲडलेडहून निघताना कांदे, टोमॅटो, मिरच्या सगळं भरलं होतं. पण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर ताजी फळं, भाजी, मध काही आत नेऊ देत नाहीत, तिथल्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून. आदल्या संध्याकाळी मी होतं नव्हतं ते सगळं चिरून फोडणीला घातलं आणि दोन डबे मसाला करून ठेवला. तपासणीवाल्याने फ्रिज उघडला, डब्याचं झाकण काढून वास घेतला आणि मान डोलावून मिटवून टाकलं. तो मसाला थेट इथपर्यंत पुरला.

आंघोळीचं मात्र विचारू नकोस. या वाटेवर पाणी हा एकच हिशेब. वाटेत गावं नाहीत, आहेत ती रोडहाउस. म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ, चार खोल्या. त्यांनाच पाणी लांबून आणावं लागतं नाहीतर खारं पाणी गोडं करून घ्यावं लागतं, तेव्हा आपल्या टाकीत कोण भरून देणार? तांदूळ धुतलेलं पाणी मी भांडी विसळायला ठेवायची. ताटं आधी कागदाने पुसायची, मग घोटभर पाण्यात हलवायची. तुझी आई बघती तर खूश झाली असती, माझ्या घरच्यांनी हात जोडले असते.

आता खरं सांगायचं ते. सुमे, या किनाऱ्याला खाडी नाही. तू म्हणशील, हे काय सांगायचं झालं? पण आपण गुहागरच्या. समुद्राकाठाने वर जायचं म्हटलं की धोपाव्याला येऊन दाभोळच्या फेरीची वाट बघायची, खाली जायचं तर तवसाळहून जयगड. मधे वाशिष्ठी, शास्त्री आडव्या पडलेल्या. किनारा म्हणजे दहा-वीस मैलांवर एक खाडी, तिच्या तोंडाशी बंदर, बंदरावर देऊळ नाहीतर दर्गा, मासळीचा वास, असंच आपल्या डोक्यात बसलेलं. सेडुनाहून पश्चिमेला नॉर्समनपर्यंत आयर हायवे साधारण १,२०० किलोमीटर आहे. तेवढ्यात नलारबरचं पठार पार करायचं, आणि त्या पठारावरून समुद्राला मिळणारी एकसुद्धा नदी नाही.

कारण अगदी सरळ आहे. जवळपास दोन लाख चौरस किलोमीटरचा सलग चुनखडक. पाऊस वर्षाला जेमतेम दोन-अडीचशे मिलिमीटर, आपल्याकडे आषाढात दोन दिवसांत पडतो तेवढा. आणि जो पडतो तो वाहतच नाही, भेगांतून खाली जातो. खाली गुहा आहेत, पाण्याने भरलेल्या. कॉकलबिडीच्या गुहेत १९८३ साली डायव्हर पाण्याखालून सहा किलोमीटरच्या वर आत गेले होते. माझ्या गाडीखाली पाणी होतं आणि वर मी कपाने मोजत होते.

नदी नाही म्हणून कड्याला खिंडार नाही. बुंडा क्लिफ्सजवळ गाडी सोडून चालत गेले. सपाट माळ, गुडघाभर झुडपं, आणि एकदम जमीन संपते. साठ मीटर, कुठे त्याहून बरीच जास्त, सरळ खाली. तळाशी पांढरा खडक, वर तपकिरी थर, आणि त्याखाली दक्षिणेचा समुद्र. पलीकडे थेट अंटार्क्टिका. कडा खालून पोखरलेला असतो, म्हणून टोकाला जाऊ नका अशा पाट्या आहेत. मी दहा पावलं मागेच थांबले. खाली उतरायला वाट नाही, होडी लावायला जागा नाही. बंदर नाही म्हणून कोळीवाडा नाही, आणि कोळीवाडा नाही म्हणून देवळाचं शिखरही नाही. मला पहिल्या दिवशी हा किनारा अर्धवट वाटला होता, कुणी बांधायचा विसरल्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून डोळे बसले.

माणसं नव्हती असं मात्र समजू नकोस. मिर्निंग लोक इथलेच, त्यांना पाणी कुठे आहे ते माहीत होतं. १८४१ मध्ये एडवर्ड आयर नावाचा इंग्रज पूर्वेकडून निघाला. बरोबर बॅक्स्टर नावाचा मुकादम आणि तीन आदिवासी मुलं. दिवसचे दिवस पाणी नाही. स्थानिक लोकांनी वाळूच्या टेकड्यांमागे कुठे खणायचं ते दाखवलं, तिथे पाणी लागलं. काही पहाटे त्याने गवतावरचं दव स्पंजने टिपून पिळून प्यायलं. पुढे एका रात्री दोन मुलांनी बॅक्स्टरला मारलं आणि ती निघून गेली. उरले आयर आणि वायली नावाचा मुलगा. दोघे एस्परन्सच्या बाजूला पोचले तेव्हा एक फ्रेंच व्हेलशिकारी जहाज उभं होतं म्हणून वाचले, आणि जुलैत ऑल्बनी गाठलं. आज हायवे आयरच्या नावाने आहे. वायलीला नकाशात भिंगाने शोधावं लागतं. मला राग आला, खरंच. तो नसता तर हा माणूस एकटा कुठवर गेला असता?

हेड ऑफ बाइटला तू असायला हवी होतीस. जमीन यालाटाच्या आदिवासींची, तिकीट काढून आत जायचं, कड्यावरून लाकडी वाट खाली नेलेली आहे. साधारण मे ते ऑक्टोबर सदर्न राइट व्हेल इथे बाळंतपणाला येतात, बाळंतिणीने माहेरी यावं तशा. एरवी त्या खूप दक्षिणेला, थंड पाण्यात खाऊन घेतात. इथे महिनोन्‌महिने आई जवळजवळ काही खात नाही, अंगच्या चरबीवर पिल्लाला दूध पाजते. जन्मतःच पिल्लू पाचेक मीटरचं. मी वरून बघत होते. आई ओंडक्यासारखी निपचित, आणि पिल्लू तिच्या अंगावरून घसरतंय, पुन्हा चढतंय, शेपटी आपटतंय. मधूनच आईने फुस्स केलं की आवाज वरपर्यंत येतो. डोक्यावर पांढरट खरबरीत गाठी असतात, प्रत्येकीच्या वेगळ्या, त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात. मी तासाभरासाठी गेले होते, बाहेर आले तेव्हा फाटक बंद करायची वेळ झाली होती. कंटाळ्याचं उत्तर मिळालं?

भीतीचं म्हणशील तर रात्रीची नाही वाटली. अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही, कांगारू आडवे येतात. चारनंतर थांब्याची जागा शोधायची, तोंड वाऱ्याकडे करून गाडी लावायची, नाहीतर वर उचललेलं छत रात्रभर फडफडतं. अशा थांब्यांवर निवृत्त जोडपी कॅरव्हॅन घेऊन असतात. “एकटीच?” हा प्रश्न त्यांनाही सुटत नाही, पण तो विचारून झाला की खुर्ची आणून देतात. भीती वाटली ती रोड ट्रेनची. तीस-पस्तीस मीटर लांब ट्रक समोरून गेला की आधी गाडी ढकलली जाते, मग ओढली जाते. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट. पण त्या ट्रकवाल्यांच्याच गप्पा गाडीतल्या वायरलेस रेडिओच्या चाळीस नंबरच्या चॅनेलवर ऐकत मी दिवस काढले. कुठे कांगारू मरून पडलाय, कुठे रुंद घर लादलेला ट्रेलर येतोय, सगळं कळतं. रस्त्यावर काही ठिकाणी जाड पांढरे पट्टे आहेत. फ्लाइंग डॉक्टरचं, म्हणजे आडगावच्या रुग्णांसाठी येणाऱ्या डॉक्टरांचं, विमान तिथे हायवेवरच उतरतं. ते पट्टे दिसले की धीर यावा की धास्ती वाटावी ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

यूक्ला राहिलं. तिथे वाळूत बुडालेलं जुनं तार ऑफिस आहे, १८७७ चं. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या दोन वसाहतींची तार इथे जुळायची आणि दोघांची मोर्स लिपी निराळी. म्हणून एका बाजूच्या माणसाने तार उतरवून घ्यायची, कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने पुढे ठोकायची. पर्थहून लंडनला जाणारी तार त्या काळात इथून ॲडलेड, डार्विन, जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई असा वळसा घेऊन जायची. पुढे सशांच्या टोळधाडीने झुडपं फस्त केली, वाळू सुटली आणि गावावर चालून आली. आता दगडी भिंती, चौकटी आणि आत कंबरभर वाळू.

यूक्लापासून कायगुनाच्या अलीकडेपर्यंत घड्याळही स्वतःचं आहे, पर्थच्या वेळेपेक्षा पाऊण तास पुढे. फोनला ते कळत नाही, भिंतीवरचं घड्याळ खरं मानायचं. पुढे १४६ किलोमीटर सरळ रस्ता, एकही वळण नाही. त्याबद्दल लोक फार बोलतात, माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

पण बॅलडोनियाला पोचले आणि हसूच फुटलं. १९७९ चा जुलै आठवतो? नासाचं ते अंतराळस्थानक, स्कायलॅब, पडणार, आपल्याच कौलांवर पडणार म्हणून तुझ्या आजीने शेजाऱ्यांची उधारी फेडली होती! अगं, ते इथे पडलं. एक तुकडा रोडहाउसच्या छोट्या संग्रहालयात ठेवलाय, मी हात लावायला गेले तर काच. एस्परन्सच्या पालिकेने नासाला रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोठावला. नासाने काही भरला नाही, तीस वर्षांनी एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून पैसे जमवून भरला. आजीला हे कळायला हवं होतं.

तू म्हणालीस, पुढच्या वेळी मला घेऊन चल. स्पष्ट सांगते, या वाटेवर नाही. तू आलीस तर आपण दिवसभर बोलत राहू, आणि मला ती वाट पुन्हा एकदा न बोलता करायची आहे. तू विमानाने सरळ एस्परन्सला ये. इथून लकी बे तासाभरावर आहे, पिठासारखी वाळू, तिच्यावर कांगारू फिरतात. तिथे पाहिजे तेवढं बोलू. येताना कुळथाचं पीठ मात्र आणू नकोस, विमानतळावरचे लोक हद्दीवरच्या माणसाइतके समजूतदार नाहीत.

गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते कळव. आक्कांना नमस्कार.

तुझी
विजू