टॉवेलचा खटला पुन्हा उघडतोय

प्रिय बंड्या,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यालाच ओरडला असतास, "मी तेव्हाच म्हणालो होतो!" आणि मग पुढचं सगळं राहून गेलं असतं. कागदावर तरी तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

तर ऐक. माझ्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ, नावाचा जंतू सापडला. मला झालंय काहीच नाही, तब्येत ठणठणीत, अंगावर साधी पुळी नाही. तो नुसता राहतोय तिथे. डॉक्टर म्हणाले, दहातल्या तिघांच्या नाकात असतोच, बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही.

थांब, नाचू नकोस. त्या टॉवेलवरून तू धरलेला अबोला मी विसरलेलो नाही. काखेतलं गळू म्हणे माझ्यामुळे! तोंडी परीक्षेला हात अंगापासून लांब धरून उभा राहिलास आणि मास्तरांनी विचारलं, "कुस्ती खेळून आलात का?" आता म्हणशील, पुरावा मिळाला. मुळीच नाही. हा जंतू कुणाच्या नाकात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, तर कुणाच्या येतो आणि जातो. आजच्या स्वॅबवरून तेव्हाचं काही ठरत नाही. शिवाय माझा रेझर न विचारता कोण वापरायचं? जंतू तुझ्याकडून माझ्याकडे आला, असा उलटा दावा मीही लावू शकतो. कुल्याला साक्षीला काढू नकोस, तो दोघांचेही टॉवेल वापरायचा.

बरं, मुद्द्याचं. आप्पांना मानेवर काळपुळी झाली होती. आधी एक पुटकुळी, शेजारी दुसरी, मग आतल्या आत सगळी गळवं एकमेकांना मिळाली आणि चाळणीसारखी तोंडं पडली. मानेची कातडी जाड, त्यात शुगर. आप्पांनी काय केलं असेल? दाबलं. नंदा ओरडली तर म्हणतात, "मान माझी आहे." ताप चढून थंडी वाजायला लागली तेव्हा कुठे दवाखान्यात यायला तयार झाले.

सर्जननी चिरा दिला, पू काढला, आत पट्टी भरली. मला वाटायचं, अँटिबायोटिक दिलं की गळू बसतं. तर तसं नाही. हा जंतू आसपासचं रक्तद्रव गोठवतो आणि त्याच्याआड लपतो. शरीरही आपल्या बाजूने भोवती भिंत घालतं. आत मेलेल्या पेशींचा पू साठलेला, रक्ताचा पुरवठा नाही, मग गोळीतलं औषध तिथे पोचणार कुठून? पिकलेलं गळू मोकळं करणं हाच खरा इलाज, गोळ्या त्याच्या जोडीला. आणि दाबायचं तर मुळीच नाही, विशेषतः नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपास, कारण तिथल्या शिरांतून संसर्ग मेंदूकडे जाऊ शकतो. हे तुलाही सांगून ठेवतो. आरशासमोर तासन् तास उभा राहणारा तूच.

पूचं कल्चर केलं, म्हणजे त्यातला जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघितलं. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या औषधांनाही न जुमानणारा स्टॅफ, नव्हता, तेवढं नशीब. पेनिसिलिनपुढे मात्र 'रेझिस्टंट' लिहिलेलं. गंमत बघ, फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा शोध लागला तो स्टॅफ वाढवलेल्या बशीतच, आणि आज बहुतेक स्टॅफ पेनिसिलिनला दाद देत नाहीत. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं, १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये सापडले.

दोन दिवस बरं वाटलं की आप्पा गोळ्या बंद करतात, म्हणून मी त्यांना ऑक्सफर्डच्या त्या पोलिसाची गोष्ट सांगितली. अल्बर्ट अलेक्झांडर. तोंडावर स्टॅफ आणि स्ट्रेप या दुसऱ्या जंतूची गळवं, एक डोळा काढावा लागलेला. १९४१ च्या फेब्रुवारीत त्याला पेनिसिलिन दिलं तर तो सुधारायला लागला. पण औषध इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून परत काढून टोचत होते. तरी पुरलं नाही आणि मार्चमध्ये तो गेला. मला वाटलं आप्पा घाबरतील. आप्पा म्हणाले, "लघवीतून निघतं होय? मग आपल्याकडे मालाला तोटा नाही." नंदा हसत सुटली. माझा धाक संपला.

जखम भरत आली. घोर लागलाय तो आप्पांच्या गुडघ्याचा. सांधा बदलायची तारीख ठरत आली होती, पण हाडाचे डॉक्टर म्हणाले, कातडी पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय हात लावणार नाही. हा जंतू धातूच्या सांध्यावर बसला तर स्वतःभोवती चिकट थर करतो, औषध त्याला भेदत नाही, कधी कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. त्यांनी आप्पांचा स्वॅब घेतला, मी ड्रेसिंग करतो म्हणून माझाही. दोघांच्याही नाकात तोच. कुणाचा कुणाला गेला, की दोघांचे वेगवेगळे, हे साध्या तपासणीत कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, बऱ्याचदा माणसाला त्याच्या स्वतःच्याच नाकातला बाधतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण त्यांना उठवून बसवताना माझा हात मानेपाशी जातो आणि मी थबकतो. त्यांच्या लक्षात येतं ते. परवा म्हणाले, "मला काय महारोग झालाय?" काय उत्तर देऊ सांग.

सध्या दोघंही सकाळ-संध्याकाळ नाकात म्युपिरोसिनचं जंतू मारणारं मलम लावतो, पाच दिवसांचा कोर्स आहे, आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने आंघोळ. टॉवेल, उशीचे अभ्रे, रेझर, सगळं वेगळं. ड्रेसिंगच्या आधी आणि नंतर हात धुऊन धुऊन कातडी फुटायला आलीय. फुटलेली कातडी म्हणजे त्याला उघडं दारच, म्हणून आता क्रीमही लावतो. एवढं करून तो काही महिन्यांनी परत येऊ शकतो म्हणे. ऑपरेशनची वेळ निभावली तरी खूप झालं. नंतर राहू दे बापडा.

तुझं घराचं काम सुरू झालं असं कुल्याकडून कळलं, मला का नाही कळवलंस? बदलीचं काय झालं? वहिनींना आणि पोरांना विचारलंय म्हणून सांग. पाठ दुखतेय तर व्यायाम कर, गोळ्या खाऊ नकोस.

एक काम आहे. आप्पा काल शर्टाची कॉलर वर करून फिरत होते. विचारलं तर म्हणाले, गारठा आहे. पंखा पाचवर चालू होता. नवीन काही उठलंय आणि ऑपरेशन पुढे जाईल म्हणून लपवतायत, असा मला संशय आहे. मला मान बघू देत नाहीत, नंदाला तर जवळ येऊ देत नाहीत. तुझ्याशी खोटं बोलणं त्यांना जमत नाही, म्हणून रविवारी तू त्यांना फोन कर. कॉलरचं एकदम काढू नकोस, गुडघ्यापासून सुरुवात कर आणि मग हळूच मानेवर ये. काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
अव्या