नाताळाआधी मित्रांची कामे आणि चित्रप्रदर्शन

महोदय,

नाताळाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत मित्रमैत्रिणींच्या मदतीला धावणारी माणसे एका गोष्टीवर हमखास पाणी सोडतात, ती म्हणजे ठरवलेली कलादालनाची फेरी. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणेपर्यंत दालनाला सुट्टी लागते, नाहीतर प्रदर्शनच उतरते. मदत कमी करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. फक्त आधी फेरीची तारीख पक्की करावी आणि मग उरलेल्या वेळात कामे बसवावीत. कामाची वेळ दोघांना मिळून बदलता येते, दालनाची येत नाही.

सुट्ट्यांबाबत अंदाज बांधू नये. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर ऑर्से संग्रहालय सोमवारी. लंडनची नॅशनल गॅलरी 24 ते 26 डिसेंबर सलग बंद असते. शिवाय फेरी पुढे ढकलता येईल का, हे काय पाहायचे आहे यावरही ठरते. कायमच्या संग्रहातले तैलचित्र बहुधा जानेवारीतही जागेवर असते. जलरंग, रेखाटने, मुद्राचित्रे (ठशावरून कागदावर छापलेली चित्रे) यांचे तसे नाही. उजेडाने कागद आणि रंग खराब होतात, म्हणून ती साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद प्रकाशात, तेही काही महिनेच मांडतात आणि मग दीर्घकाळ अंधारात ठेवतात. अशी फेरी पुढे ढकलली तर ती चित्रे पुन्हा कधी दिसतील, याचा भरवसा नाही. एकच फेरी जमणार असेल, तर ती कागदावरच्या कामांसाठी राखावी.

आता मदतीकडे. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य प्रेमाचे असले, तरी त्याला ना सुरुवात ना शेवट. त्याऐवजी काम कोणते, किती आणि किती वाजेपर्यंत, हे आधीच विचारून घ्यावे. भेटवस्तू गुंडाळण्याचेच पाहा. चौकोनी खोक्याला सात-आठ मिनिटे लागतात. बाटली, चेंडू किंवा मऊ खेळण्याला पंधरा. म्हणजे बारा वस्तूंचे काम दोन तासांचे, अर्ध्या तासाचे नव्हे. वेळ वाया जातो तो अंदाजाने कागद कापण्यात. खोक्याच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त आणि दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊणपट कागद सुटेल, एवढा तुकडा पुरतो. त्याहून मोठा घेतला तर टोकांच्या घड्या फुगतात, लहान घेतला तर खोके उघडे राहते. नावाची चिठ्ठी प्रत्येक वस्तूला त्याच क्षणी लावावी. सगळ्यात शेवटी लावायची ठेवली, की कोणाची कोणती हे कळण्यासाठी बांधलेली पुडकी सोडावी लागतात, आणि मदतनिसाची संध्याकाळ त्यातच जाते.

एकाच दिवशी दोन्ही करायचे असेल तर सकाळी दालन आणि दुपारी बसून करायचे काम, हा क्रम ठेवावा. सामान हलवून, शिडीवर चढून आलेले पाय दालनात टिकत नाहीत. सावकाश चालणे आणि जागोजाग थांबणे हे भरभर चालण्यापेक्षा पाठीला जड जाते. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी संग्रहालयातल्या या थकव्याबद्दल 1916मध्येच लिहिले होते. दीड तास पुरे. त्यात दहा-बारा चित्रेच निवडून पाहावीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या 2001च्या अभ्यासात एका कलाकृतीपुढच्या वेळेचा मध्यक फक्त 17 सेकंद निघाला होता, म्हणजे निम्म्या वेळा प्रेक्षक त्याहूनही कमी थांबले होते. मंद उजेडाच्या खोलीत डोळे सरावायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, तिथे एवढ्या वेळात काय दिसणार?

मित्रांसाठी केलेली खरेदी घेऊन दालनात जाऊ नये. मोठ्या पिशव्या, पाठीवरची बॅग आणि ओली छत्री बहुतेक ठिकाणी सामानघरात ठेवावी लागते, आणि डिसेंबरमध्ये तिथली रांग ठरावीक वेळेच्या तिकिटातली मिनिटे खाते. फोनचेही तेच; 'अकरा ते साडेबारा फोन घेता येणार नाही' हे आदल्या दिवशीच कळवले, तर कोणी रागावत नाही.

कधी मित्राला सोबत नेणे हीच मदत असते, विशेषतः सणाच्या दिवसांत एकट्या पडलेल्याला. त्याला एका खोलीत आपापल्या गतीने पाहू द्यावे आणि बाकावर भेटायचे ठरवावे. चित्रांची माहिती सांगत सुटू नये. चालायला त्रास असेल तर चाकांची खुर्ची किंवा घडीचे स्टूल मिळते का, हे आधी विचारून ठेवावे.

आजारपण किंवा मृत्यूसारखी वेळ आली तर फेरी बिनदिक्कत रद्द करावी. तिकिटाची तारीख बदलण्याची सोय असली, तरी ती सहसा ठरलेल्या वेळेआधीच करता येते. म्हणून मित्राकडे निघण्यापूर्वीच ते उरकावे.

आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. प्रदर्शनाच्या बातमीत बंद होण्याची वेळ छापली जाते, शेवटच्या प्रवेशाची नाही. ती अनेक ठिकाणी अर्धा ते एक तास आधीची असते, आणि दिवसभर दुसऱ्यांची कामे करून संध्याकाळी पोचणाऱ्याला नेमके तेव्हाच दार बंद मिळते. ती वेळ आणि नाताळच्या आठवड्यातल्या सुट्ट्या कृपया बातमीतच द्याव्यात.

आपले,
चित्रप्रदर्शनांना नेमाने जाणारे काही वाचक