निवड ग्राहकाने करावी, बिल्डरने नव्हे

संपादक महोदय,

डीटीएचचे, म्हणजे घरच्या डिशवर थेट उपग्रहावरून टीव्ही पाहणारे, ग्राहक घटत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आकडे खरेच आहेत. 'ट्राय' या दूरसंचार नियामकाच्या नोंदींनुसार 2020 च्या अखेरीस देशात पैसे भरून डीटीएच पाहणारे सुमारे 7 कोटी ग्राहक होते. मार्च 2025 अखेर ते 5 कोटी 70 लाखांच्याही खाली आले. पण 'डिशचे दिवस भरले, लोकांना आता फायबरच हवे' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही (फायबर म्हणजे घरापर्यंत वायरने येणारे वेगवान इंटरनेट). पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. इथे तरी लोकांना काय हवे हे कोणी विचारलेच नाही.

ताबा मिळाला तेव्हा एका इंटरनेट कंपनीची वायर डक्टमधून, म्हणजे इमारतीतल्या वायरींसाठीच्या उभ्या पोकळीतून, मजल्यामजल्यावर आलेली होती. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याला 'डक्टमध्ये जागा नाही' म्हणून बिल्डरच्या ऑफिसने परत पाठवले. केबलवाल्याचेही तेच झाले. राहिली डिश. ती गॅलरीत लावायची नाही, इमारतीचे एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बिघडते, असे करारातच लिहून घेतलेले. गच्चीवर लावावी तर गच्चीला कुलूप, आणि तिथून दुसऱ्या मजल्यापर्यंत बाहेरून वायर सोडायचीही मनाई. त्यात आपल्याकडे डिशचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते. ज्यांच्या गॅलऱ्या पांडवलेण्यांच्या डोंगराकडे आहेत, त्यांना उद्या परवानगी मिळाली तरी उपयोग शून्य. आता अशा इमारतीतली सगळी घरे 'फायबरकडे वळलेले ग्राहक' म्हणून मोजली जाणार!

फायबरचे जे आहे ते मान्यच करायला हवे. डिश फक्त सिग्नल घेते, परत काही पाठवत नाही. त्यामुळे मुलांचा अभ्यास आणि घरून काम यांसाठी इंटरनेट वेगळे घ्यावेच लागते, आणि फायबरवाला त्याच बिलात चॅनेल नि ओटीटी (इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा) घालून देतो. मग डिशचे रिचार्ज कोण करील? फेब्रुवारी 2019 मध्ये नवी दरपद्धत आली, तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलपर्यंत नुसत्या जोडणीचेच 130 रुपये, वर जीएसटी, आणि पैशांच्या चॅनेलची किंमत वेगळी. महिन्याच्या खर्चाला कात्री लावायची सवय अनेक घरांना तेव्हा लागली. केबलवाले मात्र वेळीच सावध झाले. केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 2013 साली, नाशिकची पाळी आली तेव्हा हेच लोक दारोदार सेट टॉप बॉक्सची महती सांगत होते. त्यातले कितीतरी जण आज ब्रॉडबँडची जोडणी देतात.

तरी काही कामे डिशनेच करावीत. सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून एकच प्रक्षेपण होते. पाहणारे हजार असोत की कोटी, त्यावर भार तेवढाच. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रेक्षकागणिक वेगळा प्रवाह सोडावा लागतो, म्हणून ऐन शेवटच्या षटकात पडद्यावर चक्र फिरत बसते. जोराची सर आली की डिशचा सिग्नल जातो हे खरे. त्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. पण सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. फायबरला पावसाचे काही नाही, त्याचा वैरी जेसीबी. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी खोदकाम चालू आहे. केबल तुटली की कुठे तुटली हे शोधून टोके जोडेपर्यंत ना इंटरनेट, ना टीव्ही. शिवाय पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर फायबर ओढायला कोणती कंपनी धावत जाणार आहे? तिथे 2004 पासून चालू असलेली, महिन्याचे भाडे नसलेली दूरदर्शनची फ्री डिशच कामाला येते.

इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियम 'ट्राय'ने ऑक्टोबर 2024 मध्ये आणले. मात्र तारांकन घ्यायचे की नाही, हे बिल्डरच्या मर्जीवर. ज्याला एकाच कंपनीशी सौदा करायचा आहे, तो कशाला या भानगडीत पडेल? त्यापेक्षा महापालिकेने बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देतानाच पाहावे, की डक्टमध्ये एकाहून अधिक कंपन्यांच्या वायरींना जागा आहे, आणि गच्चीवर सामाईक डिश बसवून घराघरांत वायर नेण्याची सोय आहे. सामाईक डिश म्हणजे काही अवघड प्रकरण नव्हे. एक छत्री, तिचा सिग्नल अनेक घरांना वाटून देणारा एक मल्टिस्विच आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला वायर. गॅलऱ्यांतून छत्र्यांची रांगही दिसत नाही, म्हणजे एलिव्हेशनचा प्रश्नही मिटला.

बिल्डरकडून सोसायटीचा कारभार पूर्णपणे आमच्या हाती आला की वार्षिक सभेत मी हाच ठराव मांडणार आहे. मल्टिस्विचसाठी लिफ्टरूमशेजारची भिंत सोयीची आहे. सध्या तिथे त्या इंटरनेट कंपनीची पेटी बसली आहे, सोसायटीला एक रुपयाही भाडे न देता.

आपला,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक