वाटाड्याचीही नोंद घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साहसी पर्यटनाचे पानभर प्रकार वाचले. ऋषिकेशचे राफ्टिंग, कामशेतचे पॅराग्लायडिंग, तारकर्लीचे स्कूबा, शिवाय हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र दौलताबादची एक ओळ, तीही वेरूळला जाता जाता.

मी ३१ वर्षे एसटीत कंडक्टर होतो. सिल्लोडहून उंडणगावमार्गे सोयगावला जाणारी गाडी हळद्याचा घाट उतरू लागली की वेताळवाडीचा किल्ला दिसतो. पाठीवर मोठाल्या सॅक घेतलेली पोरे म्हणायची, "काका, किल्ल्यापाशी सोडा." मी घंटी ओढायचो, पोरे उतरायची, डबल बेल, गाडी पुढे. स्वतः कधी चढलो नाही. चढलो तो निवृत्तीनंतर, एकोणसाठाव्या वर्षी, आणि आपण इतकी वर्षे कशाच्या खालून तिकिटे फाडत होतो ते तेव्हा कळले. धड उभी तटबंदी, बुरुजावर कोरलेली शरभाची (पुराणातल्या काल्पनिक प्राण्याची) शिल्पे, टोकाला बारादरीच्या, म्हणजे मोकळ्या हवामहालाच्या कमानी आणि खाली सोयगावकडचा सगळा मुलूख.

पण पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. मागच्या नोव्हेंबरात पुण्याचा पुतण्या कंपनीतल्या चार मित्रांना घेऊन आला आणि आम्ही याच किल्ल्यावर गेलो. बारादरीत भाकरी-ठेचा खाऊन झाला. एकाला घामाचा वास सहन होईना, त्याने अंगावर सेंट फवारला. जवळच आग्यामोहोळ होते, ते आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. माश्या उठल्या तसा मी "पळा!" म्हणून ओरडलो. तेच चुकले, कारण पळायला पुढे कडाच होता. तेवढ्यात शेळ्या राखणारे एक पोरगे धावत आले. पंधरा-सोळा वर्षांचे असेल. "हात हलवू नका, तोंड झाका, माझ्यामागं या," एवढेच बोलले आणि आम्हाला अंबारखान्याच्या, म्हणजे किल्ल्यावरच्या धान्यकोठाराच्या अंधारात नेऊन बसवले. दीड तास बसलो. पुतण्याच्या मानेतून आणि हातांतून चौदा काटे काढले. मग त्याच पोराने आम्हाला दुसऱ्या दरवाजाने वेताळवाडी गावाकडे उतरवले. ती वाट गवतात कुठे आहे, हे आम्हाला दिवसभर शोधूनही सापडले नसते.

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा असे त्यात भाग पाडले आहेत आणि उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. चांगलेच आहे, बेभरवशाच्या दोरावर कुणी लोंबकळू नये. पण ही नोंदणी संस्थावाल्याला जमते. ज्याच्याकडे लेटरहेड नाही, फक्त शेळ्या आहेत, त्याने कोणता रकाना भरायचा?

ही गोष्ट आपल्याकडे जुनीच. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला वाघूर नदीपलीकडची अजिंठ्याची लेणी दिसली. ती त्याला एका गुराखी पोराने दाखवली, असे आमच्या भागात सांगतात. दहाव्या लेण्यात स्मिथने खांबावर स्वतःचे नाव नि तारीख कोरून ठेवली. पोराचे नाव कुठेच नाही.

आता कुणी म्हणते झिपलाइन आणा, कुणी म्हणते काचेचा पूल बांधा. आणा बापडे. पण आमच्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत अंतूरचा किल्ला आहे, सुतोंड्याचा किल्ला आहे, जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणी आहे, पितळखोऱ्याची लेणी आहेत. इथले साहस म्हणजे पायी चालणे. गौताळ्याच्या जंगलात तर २०२१ मध्ये थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून वाघ चालत आला, तोही तिकीट न काढता. त्याला वाट सापडते. आपल्याला पायथ्याच्या गावातला माणूस लागतो.

अशा गावातल्या दोन-चार पोरांना आठवडाभर दोर, प्रथमोपचार आणि मोहोळ उठल्यावर काय करायचे ते शिकवावे, ओळखपत्र द्यावे आणि गडाखालच्या पाटीवर त्यांचे फोन नंबर लिहावेत. दर ग्रामपंचायतीने ठरवावा. आणखी एक, माझ्या जुन्या खात्यासाठी: किल्ल्यावरून उतरून रस्त्याला लागेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर शेवटची गाडी गेलेली असते. शनिवार-रविवारी ती तासभर उशिरा सोडायला काय हरकत आहे? घाटात रात्र काढणारी पोरे मी पाहिली आहेत. सकाळच्या पहिल्या गाडीत तीच चढायची.

त्या दिवशी आम्ही पोराला पाचशे रुपये देऊ केले. त्याने घेतले नाहीत. पुतण्याकडची दोन लिटरची पाण्याची बाटली मात्र मागून घेतली.

येत्या दिवाळीत पुतण्या सुतोंड्याला जायचे म्हणतो. बनोटीला उतरल्यावर वाट कुणाला विचारायची, हे आपल्या वाचकांपैकी कुणी सांगितले तर बरे होईल.

आपला,
एक सेवानिवृत्त एसटी वाहक, कन्नड