शेंगीची नखं काढू नका

पुणे, मंगळवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबांना नीट ऐकू येत नव्हतं आणि आई, तू रागात होतीस. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे, शुक्रवारी आपल्या मांजरीला, शेंगीला, नखं काढून घ्यायला त्या माणसाकडे नेऊ नका. मी येईपर्यंत तरी थांबा.

आई, तुझा जीव का जळतो ते मला कळतं. साठवलेल्या पैशांतून दिवाळीला सोफा घेतलास आणि त्याचा डावा हात शेंगीने कुरतडल्यासारखा करून टाकला. त्याहून मोठं म्हणजे ती मोराची चादर. कारखाना सोडताना बाबांनी स्वतः जेकार्ड मागावर काढलेली शेवटची चादर ती. तिचे धागे ओढलेले तू फोटोत दाखवलेस तेव्हा मलाही पोटात कसंतरी झालं. आणि आता बाबांच्या हातावरचे ओरखडे. साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, ही तुझी भीती खरी आहे. मी ती उडवून लावत नाही.

पण अमेरिकेतल्या दादाने सांगितलं, "आमच्या दोन्ही मांजरांची नखं काढून टाकली, कटकट मिटली," तेव्हा काय काढलं ते त्याने सांगितलं नाही. आपलं नख बोटावर बसलेलं असतं. मांजराचं तसं नसतं, ते बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं. नख परत येऊ नये असं वाटत असेल तर ते हाडच सांध्यातून कापावं लागतं. म्हणजे पुढच्या दोन पंजांच्या दहा बोटांची दहा पेरं.

बाबा, हे मला तुम्हालाच सांगायचं होतं. मी चौथीत होते तेव्हा यंत्रमागात तुमचं उजव्या हाताचं बोट सापडलं आणि एक पेर गेलं. एकच. तुम्ही पंधरा दिवसांत कामावर परत गेलात आणि कधी तक्रार केली नाहीत. पण गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत थंडी पडली की ते बोट काखेत दाबून बसायचात, हे मी पाहिलंय. तुटलेला धागा गाठायला त्या हाताला किती वेळ लागायचा, तेही पाहिलंय. शेंगीची तशी दहा पेरं आपण पैसे देऊन कापून घेणार आहोत. आणि तिला तर त्याच बोटांवर चालायचंय. मांजर तळपाय टेकवत नाही, बोटांवर चालतं. सगळा भार कापलेल्या टोकांवर येतो. चाल बदलते, पाठ दुखते, काही मांजरं जन्मभर लंगडतात. हाडाचा तुकडा आत राहिला तर नख वेडंवाकडं पुन्हा उगवतं, आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया. वाळूच्या डब्यात पंजे दुखतात म्हणून काही मांजरं डबा सोडतात आणि गादीवर, कपड्यांवर करतात. आई, सोफा वाचवायला जाऊन गाद्या धुवायची पाळी येईल.

तो माणूस म्हणाला, लेसरने करतो, रक्त येत नाही. लेसरने हत्यार बदलतं. कापायचं तेच हाड कापलं जातं. नख बाहेर काढणारी नस, म्हणजे स्नायूचा दोर, कापायची दुसरी एक पद्धत आहे. तिच्यात नखं राहतात, पण मांजराला ती बाहेर काढता येत नाहीत. ती वाढतच राहतात, म्हणून जन्मभर कापत बसावं लागतं. मग नुसतीच कापत बसलेलं काय वाईट?

बाबांच्या हाताचं म्हणाल, तर हे नीट वाचा. नखं गेलेल्या मांजराकडे स्वतःला वाचवायला दातच उरतात, आणि अशी मांजरं चावण्याकडे जास्त वळतात. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो. वरून जखम टिकलीएवढी दिसते आणि आत पू होतो. साखर असलेल्या माणसाला ओरखड्यापेक्षा हे वाईट. अमेरिकेची सीडीसी म्हणून रोगनियंत्रणाची मोठी सरकारी संस्था आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी झालीय अशा माणसांनाही ती मांजराची नखं काढून टाका असं सांगत नाही. नखं कापत राहा आणि दंगामस्तीचा खेळ टाळा, असं सांगते. त्याच अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये ही शस्त्रक्रिया बंद केली. इस्रायलने 2011 मध्येच केली होती. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याचा कायदा आहे, त्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं गुन्हा आहे. दादाचा सल्ला मायेचाच होता, पण तो आपण घेऊ नये.

आणि गल्लीतली कुत्री? शेंगी गच्चीवर जाते, भिंतीवर चढते, ते त्या नखांच्या जोरावर. दुपारी शहाबादी फरशीवर पोट टेकून निवांत पडते ना, ती निवांत असते कारण वेळ आली तर पळून वर चढता येईल हे तिला माहीत असतं.

आता करायचं काय. आई, ती मुद्दाम करत नाही. नखावरचं जुनं टरफल निघावं म्हणून ओरबाडते, झोपून उठली की अंग ताणते, आणि पंजात वासाच्या ग्रंथी असतात, त्यांनी "ही जागा माझी" अशी खूण करते. म्हणूनच कोपऱ्यातलं कपाट सोडून तिने सोफा धरला. तो जड आहे, हलत नाही, कापड खरबरीत आहे, आणि घरातली सगळी माणसं तिथंच बसतात. तिला ओरडून, पाण्याचा हबका मारून काही होणार नाही, तुम्ही समोर नसताना करेल एवढंच. तिला त्याच ठिकाणी सोफ्याहून चांगलं काहीतरी द्यावं लागेल.

ते बाबा करतील. तीन फूट उंचीचा लाकडी खांब, कारण मागच्या पायांवर उभं राहून तिचं अंग पूर्ण ताणलं गेलं पाहिजे. खाली दीड-दोन फुटांचा चौकोनी जड पाट, एकदा जरी डुगडुगला तरी ती परत हात लावणार नाही. त्याभोवती घायपाताची दोरी किंवा सुंभ घट्ट गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटून. कांडी भरलेल्या हातांना हे मी काय शिकवणार! हा खांब गच्चीत ठेवायचा नाही, सोफ्याच्या त्या फाटक्या कोपऱ्याला अगदी खेटून ठेवायचा. सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी किंवा गुळगुळीत प्लॅस्टिक लावा. चादर टाकू नका, चादरीत नख अडकतं आणि तिला तेच आवडतं. महिनाभर ती खांबच वापरतेय असं दिसलं की मग तो रोज थोडा थोडा सरकवता येईल. आडवं ओरबाडायला आवडत असेल तर जुनं गोणपाट फळीवर ठोकून जमिनीवर ठेवा. मोराच्या चादरीचे ओढलेले धागे कापू नकोस आई. बाबा बोथट सुईने ते आत घेतील.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापायची. आई, रविवारी न्हाऊ घातल्यावर तू माझी नखं कापायचीस, मी हात ओढायची आणि तू गोष्ट सांगत एकेक बोट धरायचीस. तसंच. ती खाऊन पेंगत असताना मांडीवर घ्यायची, पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्त असतं, त्याला लावायचं नाही. पुढचं पांढरट टोक तेवढं कापायचं. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं. एका दिवशी एकच पंजा झाला तरी चालेल, आणि झाला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नखांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही मिळतात, महिना-दीड महिन्यात गळतात, पण बाहेर फिरणाऱ्या शेंगीला त्या नकोत.

बाबा, तुम्हीही चादरीखाली हात हलवून तिला खेळवणं आजपासून बंद करा. तो हात तिला उंदीर वाटतो. सुतळीला चिंधी बांधा आणि ती ओढा. आणि यापुढे ओरखडा उठला तर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. परवाच्या ओरखड्यांसाठीही उद्याच जाऊन या, दिवस उलटलेत म्हणून टाळू नका. शेंगीची यंदाची लस राहिलीय, ती मी आल्यावर देऊन आणू.

ओल्या पोत्यात गुंडाळून हिला मीच घरी आणलं होतं. तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगेएवढी वाटली म्हणून बाबांनी नाव ठेवलं. नंतर मी नोकरीला निघून आले आणि तिचं सगळं तुमच्यावर टाकलं. नखं कापायला तेव्हाच शिकवायला हवी होती, ते माझ्याकडून राहिलं. शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येतेय. कात्री मी आणते. बाबा, लाकूड आणि सुंभ तेवढा आणून ठेवा, रविवारी सकाळी आपण दोघं मिळून खांब गुंडाळू.

तुमची,
सुमी