जेलीफिशच्या दंशावर वाळू चोळू नका

महोदय,

पावसाळा लागला की आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी एक संदेश फिरू लागतो: 'समुद्रावर जाऊ नका, जेलीफिशच्या स्पर्शाने दोन मिनिटांत मृत्यू.' सोबत निळ्या फुग्यासारख्या एका प्राण्याचे छायाचित्र असते. छायाचित्र आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ब्लू बॉटलचे आणि मजकूर ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी अधिक विषारी बॉक्स जेलीफिशचा, असे हे ठिगळकाम आहे. त्याने धास्ती तेवढी पसरते. प्रत्यक्ष दंश झाल्यावर काय करावे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्याचा अनुभव आम्ही गेल्या वर्षी उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर घेतला.

माझा दहा वर्षांचा भाचा जेमतेम गुडघाभर पाण्यात उभा होता. तो किंचाळत बाहेर आला तेव्हा त्याच्या घोट्याभोवती शिलाई मशीनच्या ओल्या दोऱ्यासारखा एक निळसर धागा चिकटलेला होता आणि त्याखाली, वेताची छडी ओढावी तसा, लाल वळ उमटू लागला होता. धावून आलेल्यांपैकी एकाने ओली वाळू घेऊन घोटा खसाखसा चोळला, दुसऱ्याने पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली त्यावर रिकामी केली, तर एका बुजुर्ग गृहस्थांनी लघवीचा उपाय इतक्या आत्मविश्वासाने सुचवला की आम्ही क्षणभर विचारात पडलो. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण दर उपायागणिक मुलाचे रडणे वाढत गेले. जवळच्या एका दवाखान्यात मलम लावून आम्हाला परत पाठवण्यात आले. बोटांच्या बेचक्यात अडकलेला धाग्याचा तुकडा रात्री घरी माझ्याच नजरेस पडला आणि तो हाताने काढण्याच्या नादात माझ्या तर्जनीलाही झिणझिण्या आल्या.

कारण साधे आहे. या प्राण्याच्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात आणि प्रत्येकीत विषारी नळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. त्वचेला धागा चिकटतो तेव्हा त्यांतल्या काहीच पेशी फुटतात. बाकीच्या तशाच भरलेल्या राहतात, प्राणी मेला किंवा धागा तुटला तरीही. चोळल्याने दाब पडून त्या फुटतात आणि खाऱ्या पाण्याची सवय असलेल्या त्या पेशींवर गोडे पाणी पडले तरीही फुटतात. म्हणजे वाळू आणि बाटलीतले पाणी वापरून आम्ही त्या पोराला आपल्या हातांनी पुन्हा दंश करवत होतो. लघवीचीही तीच कथा. तिचा उपयोग होत असल्याचा कोणताही पुरावा नाही.

आता धोका खरोखर किती, याविषयी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील मोठ्या बॉक्स जेलीफिशचे धागे तीन मीटरपर्यंत लांब असतात आणि तिच्या विषाने काही मिनिटांत हृदय बंद पडू शकते, हे खरे आहे. आपल्याकडे २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला शेकडाभराहून अधिक लोकांना दंश झाल्याच्या बातम्या आल्या, त्या मात्र ब्लू बॉटलच्या होत्या. (शास्त्रीयदृष्ट्या ती जेलीफिशही नव्हे, एकत्र राहणाऱ्या अनेक जीवांची ती वसाहत आहे.) तिच्या दंशाने आग पडते, वळ उठतात, काही तास जीव हैराण होतो; निरोगी माणूस दगावणे अतिशय दुर्मीळ. अपवाद ॲलर्जीचा. याच ब्लू बॉटलच्या विषाचा अभ्यास मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर सुरू करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांना पुढे तशाच विषांवर काम करताना ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया, उलगडली आणि त्यासाठी १९१३ चे नोबेल मिळाले. म्हणून श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा दंश डोळ्याला वा शरीराच्या मोठ्या भागावर झाला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ ला फोन करावा.

जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत पोहोचल्यापासून नेरुळ-बेलापूरची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी सहज पिरवाडीला जातात. किनारा रायगड जिल्ह्यात, गर्दी नवी मुंबईची. त्यामुळे फलक कोणी लावायचा यावर पत्रव्यवहार होत राहील, अशी मला रास्त शंका आहे. तरीही संबंधित यंत्रणांना विनंती आहे की, 'पोहणे धोक्याचे' एवढ्यावरच न थांबता, प्रवेशाजवळ मराठीत ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहाव्यात: चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढा, मग दंशाची जागा सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या, पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवा. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा जोर ओसरतो. लहान मुलांच्या बाबतीत पाणी आधी मोठ्यांनी आपल्या हातावर पाहावे, नाहीतर दंशाऐवजी भाजल्याचा उपचार करावा लागेल.

गरम पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. भाचा रडत होता त्या जागेपासून वीस पावलांवर चहाची टपरी होती आणि तिच्यावर पातेले उकळत होते.

आपला नम्र,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई