मालमत्ता क्षेत्राचे पूर्ण चित्र मुलांना दाखवा

महोदय,
शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठीच्या करिअर मार्गदर्शनात स्थावर मालमत्तेच्या व्यवसायाचा उल्लेख झालाच, तर तो घरे दाखवून कमिशन मिळवण्यापुरताच होतो, ही खेदाची बाब आहे. वास्तविक पाहता मालमत्तेचे मूल्यांकन (म्हणजे तिची किंमत ठरवणे), मालमत्ता व्यवस्थापन, भाडेकरारांची देखरेख अशी अनेक कामे या क्षेत्रात आहेत आणि त्यांतील बरीचशी पगारी आहेत. विक्रीच्या कामात मात्र उत्पन्न बहुधा व्यवहार पूर्ण झाल्यावरच हाती येते. ग्राहकाने जागा पसंत केल्यानंतरही कर्ज नामंजूर झाले किंवा मालकी हक्काच्या कागदपत्रांत एखाद्या वारसाची सही राहिलेली आढळली, की कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते, हे मुलांना (आणि मोठ्या कमिशनच्या गोष्टींना भुललेल्या पालकांनाही) आधीच स्पष्ट सांगायला हवे. अनेक देशांत या कामासाठी परवाना किंवा नोंदणी बंधनकारक असते. शाळांनी केवळ यशस्वी व्यावसायिकांची भाषणे ठेवण्याऐवजी विद्यार्थ्यांना एखादा विक्री करारनामा ओळीने वाचायला द्यावा, वर्गखोलीचे चटई क्षेत्र (बाहेरच्या भिंती वगळून आतील वापराची जागा) मोजायला लावावे आणि ज्यांना त्यात रस वाटेल, त्यांना अनुभवी व्यावसायिकाच्या हाताखाली काही दिवस काम पाहू द्यावे.
– एक वाचक